गावकीचा गंज आणि गुणाबाईची कल्हई

मी गंज बोलतोय.

नाव ऐकून नाक मुरडू नका. लोखंडावर तांबूस पापुद्रा चढतो त्यालाही पुस्तकात गंज म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण त्याचं-माझं काही नातं नाही. आमच्या चांदा जिल्ह्यात स्वयंपाकाच्या रुंद तोंडाच्या मोठ्या भांड्याला गंज म्हणतात, आणि मी त्यांतला थोरला. अंगानं अस्सल पितळेचा, दोन्ही बाजूंना मुठीएवढ्या जाड कड्या, आणि पोट असं की एखादा माणूस आत उकिडवा बसला तर त्याचं फक्त डोकं बाहेर दिसावं.

गोंडपिपरीपासून चार कोसांवर चिंचबोडी नावाचं गाव आहे. तिथं मी राहतो. मी कुण्या एका घरचा नाही, गावकीचा आहे. कुणाचं लग्न असो, तेरवी असो, मारुतीचा भंडारा असो, आधी मला बोलावणं येतं. गावात लग्नाची तारीख ठरवताना भटजींच्या पंचांगाच्या आधी लोक बापूजींना विचारतात, "गंज मोकळा हाय का जी त्या दिवशी?" बापूजी म्हणजे गावचे जुने पंच. माझी राखण त्यांच्याकडे. ते डोळे मिटून बोटं मोडत हिशेब लावतात आणि मग सांगतात. एवढा मान कुठल्या माणसाला तरी मिळतो का, सांगा बरं!

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या एका कासाराच्या भट्टीत मी जन्मलो. माझी आई तांबं आणि वडील जस्त. आई लाल, मऊ, मनमिळाऊ. ठोकावी तशी वाकणारी. वडील निळसर पांढरे, ठिसूळ आणि तापट. मुशीत जरा जास्त तापले की पांढरा धूर होऊन उडून जायचे. पण कासाराला दोघांचा स्वभाव ठाऊक होता. दोन वाटे तांबं आणि एक वाटा जस्त, असं त्यानं बेतानं एकत्र आणलं आणि झालं पितळ. रंगानं सोन्यासारखं, अंगानं दोघांहून कणखर.

आईचं तांबं काही खाणीतून थेट आलेलं नव्हतं. ती सारी मोड होती, जुन्या भांड्यांची. एका बंबाचं बूड, एक पिचकलेली घागर, पूजेत झिजून गेलेल्या पळ्या आणि ताम्हनं. कुणाकुणाच्या घरचं पाणी आणि कुणाकुणाच्या देवांचं तीर्थ माझ्या अंगात मुरलंय, याचा मलाच पत्ता नाही. मुशीतून ओतल्यावर चौघांनी मला आठ दिवस हातोड्यांनी बडवलं. त्या ठोक्यांच्या चांदण्या अजून माझ्या पोटावर आहेत. ऊन पडलं की त्या चमकतात.

आमचं घराणं मोठं आहे. माझ्या आईनं जस्ताऐवजी कथलाशी संसार केला की कासं जन्मतं. चार वाटे तांबं, एक वाटा कथील. माझं हे सावत्र भावंड आवाजाला भारी गोड. मारुतीच्या देवळातली घंटा त्याचीच. पण हातातून पडलं की तडकतं, म्हणून बाया त्याला जपून वापरतात. काशाच्या थाळीत जेवण, काशाच्या वाटीनं तळपायाला तेल चोळणं, हे सारं त्याच्या वाट्याला. आई एकटीच राहिली तर तिचा गडवा, म्हणजे तांब्या, होतो, रात्रभर पाणी ठेवून सकाळी प्यायला. गोंडपिपरीच्या टपालघरातून तारा जातात ना, त्यांतही तीच धावते. आणि सत्तावन्न साली तो इवलासा नवा पैसा निघाला, तोही आमच्याच घरचा. पोरं त्याला चिंचेनं घासून आरसा करत आणि एकमेकांच्या डोळ्यांत तिरीप पाडत.

आता माझ्या अंगातली खोड सांगतो. लपवून काय उपयोग? तांब्या-पितळेला आंबट सोसत नाही. पाणी ठेवा, भात रांधा, बुंदी पाडा, माझी तक्रार नाही. पण ताक, चिंच, कढी असलं काही उघड्या पितळेला लागून राहिलं की ते कळकतं. हिरवट होतं, तोंडाला कडू लागतं आणि पोटात गेलं की माणसाला आडवं करतं. काशात कथील आतच मिसळलेलं असतं, म्हणून ते पुष्कळसं निभावून नेतं. मला मात्र ते वरून लावावं लागतं. आतून कथलाचा पातळ पांढरा लेप. त्यालाच म्हणतात कल्हई.

ती कल्हई करायला दर फाल्गुनात लच्छू तांबट यायचा. बंडीत, म्हणजे बैलगाडीत, भाता, कोळशाचं पोतं, कथलाच्या कांड्या, नवसागराची पुडी आणि शेजारी त्याची बायको गुणाबाई. देवळापुढच्या चिंचेखाली खड्डा खणून दोघं भट्टी लावत. लच्छू पुढं, गुणाबाई मागं भात्यावर. चौदा वर्षं तिनं तो भाता ओढला. काळीसावळी, हाडापेरानं मजबूत, बोलायची कमी. पण मला तापवताना ती माझ्याकडे असं बघायची, जसं आई तापलेल्या लेकराच्या कपाळाकडे बघते.

त्यांतली शेवटची तीन वर्षं एक गोष्ट त्या दोघांखेरीज फक्त मला ठाऊक होती. लच्छूचे डोळे मंदावले होते. भट्टीच्या धुरानं तांबटांचे डोळे तसेही लवकर जातात. पितळ नेमकं किती तापलं की कथील टेकवायचं, ही सारी पारख रंगाची. जरा आधी टेकवलं तर कथील धरत नाही, जरा उशीर झाला तर जळून काळं पडतं. लच्छूला तो रंग दिसेनासा झाला होता. मग मागून गुणाबाई हळूच म्हणायची, "आता." आणि तो कथील टेकवायचा. हात त्याचा आणि डोळा तिचा. लोक म्हणत, लच्छूसारखी कल्हई साऱ्या तालुक्यात नाही. गुणाबाई मान खाली घालून भाता ओढत राहायची.

पुढं छप्पन साल उजाडलं आणि बापूजींना काटकसर सुचली. लच्छू फाल्गुनात आला तेव्हा त्यांनी माझ्यात डोकावून पाहिलं. आतला पांढरा लेप ठिकठिकाणी झिजून पिवळं पितळ दिसत होतं.

"अजून एक वरीस चालते," बापूजी म्हणाले.

"चालत नाई जी," लच्छू म्हणाला. "पिवळं दिसून राह्यलं."

"तुले काय, तुले कल्हई कराचीच हाय. चालते म्हनलं ना!"

लच्छू बंडी जुंपून निघून गेला. महिनाभरानं हनुमान जयंतीचा भंडारा झाला. माझ्यात कढी केली, ती दुपारी उरली, ती संध्याकाळपर्यंत माझ्यातच राहिली आणि संध्याकाळी पाहुण्यांना वाढली. पुढचं काय सांगू? पंचवीस-तीस माणसं रात्रभर बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठाला ये-जा करत होती. कुणी दगावलं नाही, हीच देवाची कृपा. त्या पाहुण्यांत वारलू नावाचा शेजारच्या गावचा एक जाडजूड शेतकरीही होता. तो तीन दिवस अंथरुणाला खिळून होता.

दोष कुणाला आला? बापूजींना नाही. गावानं ठरवलं की गंजच अपशकुनी. मला उचलून बापूजींच्या गोठ्यात पालथं घातलं. वर्षभर मी तिथं होतो. म्हशी माझ्या पाठीवर शेपटी आपटत. पुढं कुणीतरी सरकवताना मला उताणं केलं, तर एका कोंबडीनं माझ्यात घर केलं आणि नऊ पिलं काढली. खोटं कशाला बोलू, मला त्या पिलांचा लळा लागला होता. पण रांधायचं भांडं आणि खुराडं, फरक आहे ना!

सत्तावन्नच्या वैशाखात मुखरूच्या मुलीचं, कमळाचं, लग्न ठरलं. आणि कुणाच्या घरी? त्याच वारलूच्या. लग्नाला दोन दिवस राहिले तेव्हा वारलूचा निरोप आला, "तुमच्या गावच्या त्या गंजातलं आमी खात नाई. कढी कराची नाई. नाई तं आमी आमचं जेवन बांधून आनतो."

मुखरू धान पिकवणारा साधा माणूस, पण असा निरोप ऐकून त्याचा चेहरा उतरला. व्याही लेकीच्या लग्नात आपली भाकर बांधून आणणार, म्हणजे मांडवाची अब्रूच गेली. आमच्याकडे लग्नात वरण-भात आणि कढी नसली तर पंगत उठल्यासारखी वाटतच नाही. आणि एवढ्या माणसांची कढी मावेल असं दुसरं भांडं जवळपास कुठं नव्हतं. मुखरूनं तडक गोंडपिपरीला माणूस धाडला, लच्छूला घेऊन ये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंडी आली. मला गोठ्यातून काढून चिंचेखाली आणून ठेवलं होतं. मी वाट पाहत होतो. बंडी हाकत होती गुणाबाई. लच्छू मागं बसला होता आणि त्याचा उजवा हात बांबूच्या कामट्यांत बांधून गळ्यात अडकवला होता.

"हे काय झालं जी लच्छूभाऊ?" मुखरू धावत पुढं आला.

"काय सांगू, परवा नाल्याच्या उतरनीवर बंडी पलटली. हात मोडला. कथलाची थैली बी डोहात गेली. तुमचा मानूस आला म्हून आलो. पन माह्यानं काई होनार नाई."

बापूजींनी कपाळाला हात लावला. "मंग आता कल्हई कोन करन?"

"मी करतो," गुणाबाई म्हणाली.

आमच्याकडे बायासुद्धा 'करतो', 'जातो' असंच बोलतात, पण त्या दिवशी तो शब्द सगळ्यांना वेगळाच ऐकू आला. लच्छूनंसुद्धा वळून पाहिलं.

"तू?" बापूजी म्हणाले. "बाईमानसानं गंजात उतराचं? पाय देऊन घासाचं? अवो, गावाचं अन्न शिजते त्यात!"

खरं आहे ते. माझ्याएवढं भांडं हातानं घासून निघत नाही. आत वाळू आणि चिंध्या टाकून, वर दोरीला धरून, कंबरेतून डावी-उजवीकडे गिरकी घेत पायानं घासावं लागतं. चौदा वर्षं ते काम लच्छूनं केलं होतं.

गुणाबाईनं बैल सोडले, त्यांना सावलीत बांधलं आणि मग बापूजींकडे वळली. "बापूजी, धान रोवाले चिखलात पाय कोनाचे रायते?"

"बायांचेच. अजून कोनाचे?"

"थ्याच धानाचा भात तुमी जेवता ना जी? तवा बाईचे पाय आडवे येत नाई, अन् गंजातच काऊन येते?"

मागं उभ्या असलेल्या बायांत हसू फुटलं. बापूजींनी नुसतं खाकरून पाहिलं. मुखरू हात जोडून म्हणाला, "बाई, तू कर. मले कढी पायजे, बस!"

लच्छूला मात्र पटेना. तो तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, माझ्या अगदी कानाशी, "बिघडलं तं माहं नाव जाईन, गुणा. चाळीस गावांत नाव हाय."

"बिघडनार नाई," ती म्हणाली. आणि माझ्या काठावर बोटं फिरवून जुना लेप कुठवर उरलाय ते पाहू लागली.

तिनं काष्टा घट्ट खोचला, चिंचेच्या फांदीला दोरी बांधली, पाय धुतले आणि माझ्यात उतरली. वाळू करकरली. सुरुवातीला तिला तोल सापडेना. दोनदा घसरून बसली आणि बायांबरोबर स्वतःही हसली. मग लय सापडली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. वर्षाचा मळ, कोंबडीच्या घरट्याचा वास, जुना हिरवा डाग, सारं निघत गेलं. चिंचेचं पाणी आणि राख लावून तिनं मला आतून असं चकचकीत केलं की मला भंडाऱ्याची भट्टी आठवली.

आता भात्यावर कोण बसणार? लच्छूचा एकच हात चालत होता. तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढं आली. तिच्या डोक्यावर मोहफुलांची टोपली होती. ती सोमारी. वैनगंगेपलीकडच्या जंगलातल्या कोसमटोल्याची. मोह, चारोळी, डिंक घेऊन ती आमच्याकडे धान बदलायला यायची. हातभर पितळी कडी घातलेली, हसतमुख.

"मी ओढतो, बाई," ती म्हणाली. "आमच्याकडं पेनाच्या घंट्या ओततात, तवा मी भाता ओढला हाय." पेन म्हणजे त्यांचा, गोंडांचा, देव.

सोमारीनं टोपली उतरवली आणि भाता धरला. काय हात होता तो! कोळसे लालभडक झाले. मला आडवं करून भट्टीवर धरलं, गुणाबाई संडशीनं मला फिरवत राहिली. माझं पितळ तापत गेलं, रंग बदलत गेला. आज मागून "आता" म्हणणारं कुणी नव्हतं. तिनं ओठ मिटले, नवसागराची चिमूट टाकली, भस्सकन पांढरा धूर निघाला आणि तिनं कथलाची कांडी टेकवली. कथील पाण्यासारखं पसरलं. कापसाच्या बोळ्यानं तिनं ते सरसर फिरवलं आणि पिवळ्यावर चंद्रासारखा पांढरा पट्टा उमटला. पोरंटोरं "अरे बापा!" करून ओरडली.

काठ झाला, गळा झाला, पोट झालं. तळ जाड असतो, तो उशिरा तापतो, म्हणून शेवटी राहिला. आणि तिथंच कथील संपलं.

डोहात थैली गेली तेव्हा गुणाबाईच्या कनवटीला दीड कांडी तेवढी उरली होती. ती संपली. माझ्या तळाशी थाळीएवढा पिवळा डाग तसाच राहिला. कथील मिळायचं ते चांद्याच्या बाजारात. जाऊन यायला दोन दिवस. लग्न उद्या.

"झालं!" बापूजी म्हणाले. "मी सांगत होतो."

लच्छूनं डोळे मिटले. गुणाबाई माझ्याकडे बघत बसली. मला वाटलं, आता ही रडेल. पण ती बघत होती माझ्या गळ्याकडे. मग उठली आणि म्हणाली, "सोमारी, अजून एकदा ओढ. जोरानं."

तिनं माझा गळा पुन्हा आगीवर धरला. लावलेलं कथील पुन्हा पाघळलं. तशी तिनं कापूस घेऊन ते गळ्यावरून खाली, पोटावरून खाली, तळाकडे ओढत नेलं. गळ्यावरचं भरपूर, पोटावरचं थोडं-थोडं. बोटं पोळत होती. ती मधूनच हात पाण्यात बुडवी आणि पुन्हा कापूस धरी. तळावरचा पिवळा डाग ताटलीएवढा झाला, वाटीएवढा झाला, रुपयाएवढा झाला आणि नाहीसा झाला. मग तिनं मला पाण्याच्या डोणीत टाकलं. असा काही छुन्न आवाज झाला की चिंचेवरच्या साऱ्या साळुंक्या उडाल्या.

बाहेर काढलं तेव्हा मी आतून चांदीसारखा झालो होतो. फक्त गळ्याशी चार बोटं पिवळा पट्टा उरला होता. गुणाबाईनं खिळ्यानं त्या पट्ट्याखाली एक रेघ ओढली. "या रेघेच्या वर कढी भराची नाई. खाली काई भेव नाई."

"चमकलं म्हून झालं नाई," बापूजी म्हणाले. "परीक्षा पायजे."

"घ्या ना जी," गुणाबाई म्हणाली. "आंबट ताक आना. जेवढं आंबट तेवढं चांगलं. दिवस बुडेपर्यंत ठेवा. मंग मीच पेतो."

कमळानं घरून दोन मडकी ताक आणलं. तीन दिवसांचं. नुसत्या वासानं दात आंबले असतील लोकांचे! ते माझ्यात ओतलं, वर फडकं बांधलं आणि ती लांबच लांब दुपार सुरू झाली. माणसं कामं टाकून येत, फडकं उचलून बघत आणि जात. बापूजी सहा वेळा आले. मुखरू येरझाऱ्या घालत होता. लच्छू झाडाला टेकून बसला होता. गुणाबाई मात्र पोळलेल्या बोटांना खोबरेल लावून बैलांशेजारी खुशाल झोपी गेली. तिला एवढी गाढ झोपलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

सूर्य खाली गेला. फडकं काढलं. ताक पांढरंशुभ्र होतं. हिरवेपणाचा मागमूस नाही. गुणाबाईनं गडवा भरला आणि घटाघटा प्याली. तोंड वेडंवाकडं केलं, कारण ताक खरोखरच भयंकर आंबट होतं. मग कुणी सांगितलं नसताना लच्छू उठला, डाव्या हातानं गडवा भरला आणि प्याला. सगळ्यांचे डोळे बापूजींकडे वळले.

"मले काऊन पाहून राह्यले?" बापूजी म्हणाले. पण सुटका नव्हती. तेही प्याले.

दुसऱ्या दिवशी वरात आली. वारलूनं मांडवात पाय ठेवायच्या आधी स्वयंपाकाच्या जागी पाय ठेवला. माझ्यात कढी उकळत होती, मोहरी आणि कढीपत्त्याचा वास मांडवभर पसरला होता.

"हाच का थो गंज?" वारलूनं विचारलं.

पुढं आले ते बापूजी. "हाच थो गंज," ते म्हणाले. "अन् मांगच्या साली कल्हई नोको म्हननारा मानूस बी हाच." त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "गंजाचा दोष नोयता वारलूभाऊ, माहा होता. काल दिवसभर त्यात ताक ठेवलं. मी पेलो. जित्ता हाय. पाहून घ्या."

वारलूनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग माझ्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "एक कटोरी द्या." प्याला. ओठ पुसले. "अजून एक द्या." मुखरू हसता-हसता रडायला लागला. पुढं पंगतीत वारलूनं एकट्यानं किती कढी ओरपली ते मी सांगत नाही. पाहुण्याचं खाणं मोजू नये. पंगत उठली तेव्हा माझ्यात पळीभर उरलं नव्हतं.

त्यानंतर लच्छूचा हात जुळला, पण वाकडा जुळला. कांडी धरवेना. तेव्हापासून गुणाबाई पुढं आणि लच्छू भात्यावर, असंच चालतं. पण गावोगाव हाक मात्र तीच राहिली, "लच्छू कल्हईवाला आला हो!" आमच्या चिंचबोडीला खरं ठाऊक होतं. बाकी गावांत बाया भांडी आणून लच्छूपुढं ठेवायच्या, आणि कल्हई झाली की त्यालाच शाबासकी देऊन जायच्या. गुणाबाई त्यावर कधी बोलली नाही. एकदा फक्त माझं बूड पुसताना पुटपुटली, "तुले तं मालूम हाय ना?" मला बोलता आलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.

आता एकोणसाठचा चैत्र चालू आहे, आणि मी हे तुम्हाला सांगतोय ते चिंचबोडीहून नव्हे, कोसमटोल्याहून. सोमारीच्या मुलीचं लग्न आहे. तिनं गावाकडे मला मागितलं आणि बापूजींनी एका शब्दात हो म्हटलं. वैनगंगेच्या काठी आलो तर डोंगा एवढासा. मी त्यात मावेना. मग काय, माझ्या दोन्ही कड्यांना दोर बांधले आणि मला पाण्यात सोडलं. मी चक्क तरंगत नदी ओलांडली! डोंग्यातून गुणाबाई ओरडत होती, "अवो, तोंड वर ठेवा त्याचं!" एवढ्या वर्षांत एवढी मौज मी कधी केली नव्हती.

इथं मोहाच्या झाडाखाली सकाळी गुणाबाईनं मला कल्हई केली. सारा टोला, म्हणजे सारी वस्ती, भोवती गोळा झाला होता. हे लोक पितळ आणि कासं आमच्याहून जुन्या ओळखीनं वागवतात. देवाच्या घंट्या, अंगावरची कडी, नाचताना कमरेला बांधायचे घुंगरू. कल्हईचं काम मात्र अनेकांनी पहिल्यांदाच पाहिलं.

बाजारात हल्ली ती पांढरी, हलकी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, भांडी येऊ लागली आहेत. एका हातानं उचलतात, कल्हई लागत नाही. त्यांच्याशी माझं वैर नाही. ज्याला जे झेपेल ते त्यानं वापरावं. माझं मागणं एवढंच आहे. घरात आमच्यापैकी कुणी असेल तर त्याला आतून लोखंडी उलथन्यानं खरवडू नका, बाहेरून चिंच लावा, आतून नुसती राख. आंबट करून झालं की लगेच उपसा. आणि आत पिवळं दिसायला लागलं की 'अजून एक वरीस' म्हणू नका. तेवढं सांभाळलंत तर आम्ही तुमच्या नातवंडांच्या लग्नातही रांधू.

मघाशी कल्हई पाहून सोमारीची म्हातारी सासू पुढं आली. माझ्यात डोकावली, बोटानं पांढरा लेप चाचपला आणि लच्छूला म्हणाली, "बेस केलं, भाऊ. तुमचा हात चांगला हाय."

लच्छू भात्यावर बसला होता. त्यानं कपाळावरचा घाम पुसला, आपला वाकडा हात पुढं करून तिला दाखवला आणि साऱ्या टोल्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "माहा नोहे, माय. हात हिचा हाय. हे गुणाबाई कल्हईवाली. मी तं हिचा भातेवाला."

गुणाबाईनं पदर तोंडाशी धरला. हसत होती की काय, मला नीट दिसलं नाही. डोळ्यांपुढं वाफ आली होती. चूल पेटली आहे, माझ्यात ताक ओतायला सोमारी उभी आहे आणि पळसाची पानं मांडून माणसं बसूही लागली आहेत. बरं तर, मला आता कामाला लागू द्या.